वाचकांचे प्रश्न : रुग्णालयात लागलेला रक्तसंसर्ग कोणाच्या खात्यावर?

अतिदक्षता विभागातल्या खर्चाविषयी आम्ही वाचकांकडून अनुभव मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होते : 'मूळ आजार बरा होत होता, मग रक्तात इन्फेक्शन झाले.' त्यांतल्या निवडक पत्रांना ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम करून निवृत्त झालेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉक्टरांनी येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. आतड्याला पीळ पडल्यामुळे नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात त्यांची तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. ती उत्तम झाली. सहाव्या दिवशी 'दोन दिवसांत वॉर्डात हलवू' असे आम्हाला सांगितले गेले. आठव्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि रक्तदाब घसरला. रिपोर्टात 'क्लेब्सिएला' असे नाव आले. त्यानंतर ते आणखी अकरा दिवस आयसीयूत होते. एस्टिमेट ३ लाख १० हजारांचे होते, बिल ७ लाख २६ हजारांचे झाले. मेडिक्लेमचे ५ लाख संपले, वरचे आम्ही भरले. आईच्या पाटल्या पतपेढीत आहेत. वडील घरी आले, हे आमचे भाग्य. पण हे इन्फेक्शन त्यांनी घरून नेले नव्हते. मग त्याचे पैसे आम्हीच का द्यायचे? (घणसोली)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. इन्फेक्शन कुठून आले हा पहिला आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुम्ही पाठवलेल्या कागदांत सापडते. दुसऱ्याचे मात्र कुठल्याच कागदात नाही, आणि खरी तक्रार तीच असायला हवी.

रुग्ण दाखल होताना ज्याची काही चिन्हे नसतात आणि दोन दिवस उलटल्यावर जो डोके वर काढतो, तो संसर्ग रुग्णालयात लागलेला मानण्याचा संकेत आहे. तुमच्या वडिलांच्या मानेतल्या मोठ्या शिरेत पहिल्याच दिवशी सेंट्रल लाइन घातली गेली. हृदयाच्या तोंडापर्यंत पोहोचणारी ही नळी अत्यवस्थ रुग्णाला वाचवते, कारण रक्तदाब टिकवणारी तीव्र औषधे हातावरच्या बारीक शिरेतून दीर्घकाळ देता येत नाहीत. मात्र औषधाला जो रस्ता मोकळा होतो तोच जंतूंनाही मोकळा होतो. सुरुवातीच्या दिवसांत ते बहुधा कातडीवरून नळीच्या बाहेरच्या अंगाने आत उतरतात, आणि पुढे नळीच्या ज्या तोंडाला दिवसातून अनेकदा सिरिंज लावली जाते त्या तोंडातून. एकदा प्लास्टिकवर त्यांनी चिकट थर धरला की त्या थरात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. म्हणूनच नळी काढल्यावरच ताप उतरला, असे पुष्कळदा घडते.

येथे रुग्णालयाची बाजूही पाहिली पाहिजे. शस्त्रक्रिया आतड्याची होती, क्लेब्सिएला आतड्यात वस्ती करणारा जंतू आहे, तेव्हा तो पोटातूनच रक्तात गेला असे कोणी म्हटले तर ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. याचा निवाडा करण्याची एक साधी रीत आहे. नळीतून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेऊन दोन्ही नमुने यंत्रात ठेवतात. जंतू वाढू लागले की यंत्र त्या बाटलीपुरता इशारा देते. नळीतल्या रक्ताच्या बाटलीचा इशारा हातातल्या रक्ताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून अधिक आधी आला, तर जंतूंचे घर नळीत आहे असे मानतात. तुमच्या कागदांत हा फरक साडेतीन तासांचा आहे. पोटाच्या सोनोग्राफीत काही सापडले नाही, आणि नवव्या दिवशी नळी काढल्यावर पुढच्या ४८ तासांत ताप ओसरला. माझ्या मते, हा नळीचाच संसर्ग होता.

आता बिल. तुमच्या बिलाची पाने मी दोनदा उलटली. आठव्या दिवसानंतरचे आकडे वेगळे काढले तर ते असे दिसतात : आयसीयूची खाट अकरा दिवसांची ९९ हजार, प्रतिजैविके १ लाख ५८ हजार, डॉक्टरांच्या भेटी ६६ हजार, हातमोजे, सिरिंजा, नळ्या असे किरकोळ म्हणवले जाणारे सामान ५२ हजार आणि तपासण्या ४१ हजार. बेरीज ४ लाख १६ हजार, म्हणजे तुमच्या एस्टिमेटमध्ये आणि बिलात जेवढा फरक आहे तेवढीच. यातला एकही आकडा खोटा नाही. औषध दिले गेले, तपासण्या झाल्या, डॉक्टर आले. तरीही या ४ लाख १६ हजारांपुढे 'संसर्गामुळे' असा शब्द कुठेही नाही, कारण आपल्याकडे रुग्णालयाच्या हिशेबात हा खर्च उपचार म्हणून लिहिला जातो, नुकसान म्हणून नव्हे. रुग्णालयाला तो उत्पन्न दिसतो, विमा कंपनीला क्लेम दिसतो आणि तुम्हाला नशीब दिसते. जे नुकसान कुणाच्याच वहीत नुकसान म्हणून चढत नाही, ते टाळण्याची घाई कुणाला असेल?

हे असेच चालले पाहिजे असे नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने, म्हणजे मेडिकेअरने, ऑक्टोबर २००८ पासून शिरेतल्या नळीमुळे रुग्णालयात झालेल्या संसर्गासाठी रुग्णालयाला जादा पैसे देणे थांबवले. अशा एका संसर्गाचा वाढीव खर्च किती, याचा तेथल्या सरकारी संस्थेने २०१७ साली काढलेला अंदाज सुमारे ४८ हजार डॉलरचा आहे. हा आकडा आपल्याकडच्या दरांना जसाच्या तसा लागू होत नाही, परंतु तो कुणाच्या तरी अंगावर टाकला गेला, हे महत्त्वाचे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला दिसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जिचे वार्षिक संरक्षण आता कुटुंबामागे ५ लाखांचे आहे, शस्त्रक्रियेला ठरावीक पॅकेज असते, आणि पॅकेजच्या आत मुक्काम लांबला तर त्याची झळ रुग्णालयाला बसते. रोख आणि मेडिक्लेमच्या रुग्णाबाबत नेमके उलटे होते.

तुम्ही काय करू शकता ते सांगतो. संपूर्ण केसपेपरची प्रत लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत मिळाली पाहिजे. डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. नळी कोणत्या दिवशी, कुठे आणि कोणी घातली याची नोंद, ड्रेसिंग बदलल्याच्या तारखा, नळीची अजून गरज आहे का हे रोज तपासल्याचा तक्ता, कल्चरचे, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचे, मूळ रिपोर्ट आणि परिचारिकांच्या नोंदी हे सगळे त्यात असले पाहिजे. मग रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीला पत्र लिहून खुलासा मागा आणि वाढीव बिलात सवलत मागा; शांतपणे, कागद समोर ठेवून केलेली अशी मागणी काही वेळा मान्य झालेली मी पाहिली आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, ठाण्यात जिल्हा आयोग आहे, आणि तक्रारीसाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पण खोटी आशा दाखवणार नाही. संसर्ग झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. नेहमीची काळजी घेतली गेली नाही, हे दाखवावे लागते. तुमच्या कागदांत सहाव्या, सातव्या आणि आठव्या दिवशी रोजच्या तपासणीचा रकाना कोरा आहे. वॉर्डात हलवण्याइतपत बऱ्या झालेल्या रुग्णाच्या मानेत ती नळी त्या तीन दिवसांत कशासाठी होती, हा एकच प्रश्न मी तुमच्या जागी विचारला असता.

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका नर्सिंग होमच्या आयसीयूत परिचारिका आहे. रात्रपाळीला माझ्याकडे तीन, कधी चार रुग्ण असतात. मागच्या महिन्यात दोन रुग्णांच्या रक्तात इन्फेक्शन निघाले, तेव्हा मीटिंगमध्ये सगळे आम्हा सिस्टरांवर घसरले. नियम आम्हालाही माहीत आहेत. ते पाळायला लागणारा वेळ आणि सामान कोणी द्यायचे? (वर्तकनगर)

उत्तर : तुमच्या पत्राची प्रत त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाला द्यावी असे वाटते. आपण दोघे मिळून एक हिशेब करू. एका पाळीत एका रुग्णाची नळी औषधासाठी किंवा रक्त घेण्यासाठी दहा वेळा उघडली जाते असे धरा. प्रत्येक वेळी नळीचे तोंड अल्कोहोलच्या पट्टीने १५ सेकंद घासायचे, ते वाळू द्यायचे आणि त्याआधी हातांवर सॅनिटायझर नीट चोळायचे, ज्याला २० ते ३० सेकंद लागतात. तीन रुग्णांचे मिळून घासण्याला साडेसात मिनिटे आणि हातांना पंधरा मिनिटे, म्हणजे साडेबावीस मिनिटे झाली. यात रुग्णाला कुशीवर वळवण्याआधीचे, लघवीची पिशवी रिकामी केल्यानंतरचे हात अजून धरलेलेच नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका असावी, हे प्रमाण यासाठीच आहे. चौथा रुग्ण दिला की ही मिनिटे पाळीत मावत नाहीत, मग ती कुठून तरी कापली जातात, आणि कापायला सगळ्यात सोपी असतात ती हीच, कारण ती कापल्याचे त्या रात्री कुणालाच दिसत नाही. दिसते ते पाच दिवसांनी, माझ्या प्रयोगशाळेतल्या बाटलीत.

या बाबतीत एक काम वैद्यकविश्वात फार गाजले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टी लावून धरल्या : हात धुणे, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे आणि स्वतः गाऊन, टोपी, मास्क घालणे, कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसणे, जांघेतली शीर शक्यतो टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार संसर्गाचे सरासरी प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस) ७.७ वरून दीड वर्षाच्या आत १.४ वर आले. यात नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. लोक बहुतेक वेळा या पाच गोष्टींचीच आठवण ठेवतात. त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, जी मला अधिक मोलाची वाटते : डॉक्टर पायरी चुकवत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिलेला होता आणि वरिष्ठ व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे होते. आपल्याकडे रात्री दोन वाजता नळी घालणाऱ्या सरांना 'सर, चादर लहान आहे, मोठी आणते' असे म्हणणाऱ्या सिस्टरचे पुढे काय होते, हे तुम्ही मला सांगायला नको.

सामानाविषयी एक उदाहरण देतो. सलाईनच्या कडक प्लास्टिकच्या बाटलीतून द्रव खाली उतरेना झाला की उलट्या टांगलेल्या बाटलीच्या वर आलेल्या तळात एक सुई खुपसून हवा आत घेण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे आहे. ती सुई टोचलेली असते तोवर वॉर्डातली हवा गाळणीशिवाय त्या बाटलीत आणि बाटलीतून शिरेत जाण्याचा रस्ता उघडा असतो. आपोआप आकसणाऱ्या मऊ पिशवीला अशी सुई लागत नाही. ती पिशवी थोडी महाग पडते, म्हणून खरेदी विभाग तिला नकार देतो, आणि त्याच खरेदी विभागाच्या शेजारच्या खोलीत १ लाख ५८ हजारांच्या प्रतिजैविकांचे बिल छापले जात असते. पारदर्शक ड्रेसिंगचे तेच. ते सात दिवस टिकते आणि आतली जागा न उघडता दिसते. कापूस-गॉजचे ड्रेसिंग दर दोन दिवसांनी बदलावे लागते, आणि बदलण्याची प्रत्येक वेळ ही जंतूंना दिलेली एक संधी असते.

पुढच्या मीटिंगला जाताना दोन आकडे लिहून न्या : त्या दोन रुग्णांच्या पाळ्यांत एका सिस्टरकडे किती रुग्ण होते, आणि त्यांच्या नळ्या किती दिवस होत्या. दोषाची चर्चा आकड्यांवर आली की तिचा सूर बदलतो.

प्रश्न : आयसीयूत भेटायला जाताना चपला काढायला लावतात, निळे गाऊन घालतात. काही रुग्णालयांत आठवड्याला धुरी देतात. याने इन्फेक्शन थांबते का? (कोपरी)

उत्तर : फारसे नाही. रक्तातला संसर्ग चपलांवरून येत नाही, तो हातांवरून येतो. व्हिएन्नात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले, तेव्हापासून हे माहीत आहे. धुरीचा वास येतो, त्यामुळे काहीतरी केल्यासारखे वाटते, इतकेच. भेटायला गेलात तर खाटेला हात लावण्याआधी आणि बाहेर पडताना सॅनिटायझर चोळा, नळ्यांना हात लावू नका, आणि देवाचा अंगारा नळीच्या ड्रेसिंगजवळ लावू नका. तो उशीखाली ठेवलेला चालतो.

प्रश्न : चकाचक मोठ्या रुग्णालयात इन्फेक्शन कमी असते असे समजावे का? रुग्णालय निवडताना हे कळण्याचा काही मार्ग आहे का? (कोपरखैरणे)

उत्तर : लॉबीतल्या संगमरवराचा आणि मानेतल्या नळीचा काही संबंध नाही. उलट मोठ्या रुग्णालयात अधिक अत्यवस्थ रुग्ण येतात, त्यांना अधिक नळ्या लागतात आणि संसर्गाच्या संधीही अधिक असतात.

मोजमाप 'हजार नळी-दिवसांमागे किती संसर्ग' असे करतात. रोज जितक्या रुग्णांना नळी आहे त्यांची बेरीज म्हणजे नळी-दिवस. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने देशभरातल्या अनेक रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत जी पाहणी चालते, तिच्यात हे प्रमाण हजारामागे ९ च्या आसपास आले. अमेरिकेतल्या विभागांत ते १ च्या आसपास असते. ९ हा आकडा लहान दिसतो, म्हणून तो तुमच्या ओळखीच्या आयसीयूत बसवून पाहा. दहा खाटा, त्यांतल्या आठ रुग्णांना नळी, तर महिन्याचे २४० नळी-दिवस होतात, आणि महिन्याला दोन घरांत घणसोलीच्या वाचकांसारखे पत्र लिहिण्याची वेळ येते.

अमेरिकेत रुग्णालयनिहाय आकडे कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनासाठी रुग्णालयाला हे प्रमाण मोजावे लागते, पण ते दर्शनी भागात लावण्याची सक्ती नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि काही सेवांचे दर लावणे बंधनकारक केले. त्याच फलकावर ही एक ओळ आली असती, तर फलकाला अधिक अर्थ आला असता. तोवर तुम्ही विचारू शकता, आणि विचारावे. मात्र 'आमच्याकडे शून्य आहे' असे उत्तर मिळाले तर आनंदून जाऊ नका. ताप आला की कल्चर न पाठवता थेट भारी प्रतिजैविक सुरू करणाऱ्या रुग्णालयाचा आकडा नेहमीच शून्य असतो. जो शोधत नाही त्याला सापडत नाही. 'मागच्या तिमाहीत चार झाले, त्याआधी सात होते, आम्ही हे बदलले' असे सांगणाऱ्या रुग्णालयात मी माझ्या माणसाला ठेवीन.

प्रश्न : हा त्या-त्या कुटुंबाचा दुर्दैवाचा भाग झाला. परंतु त्याला 'सार्वजनिक प्रश्न' का म्हणतात? एकाच्या रक्तातल्या जंतूंनी दुसऱ्याचे काय बिघडते? (वाशी, निवृत्त शिक्षक)

उत्तर : खाटेपासून सुरुवात करू. घणसोलीचे गृहस्थ अकरा दिवस जास्त राहिले. चार-चार दिवसांसाठी येणारे जवळजवळ तीन रुग्ण त्या खाटेवर बरे होऊन गेले असते. खासगी रुग्णालयात याचा अर्थ ते तिघे दुसरीकडे गेले. कळव्याच्या किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथे शहापूर-मुरबाडपासूनचे किंवा झोपडपट्टीतले रुग्ण शेवटचा आधार म्हणून येतात, तिथे 'बेड नाही' या दोन शब्दांचा अर्थ फार निराळा होतो. रात्री ॲम्ब्युलन्समध्ये रुग्ण घेऊन ठाण्याहून सायनपर्यंत दारे ठोठावलेल्या कुणालाही तो विचारा.

दुसरी गोष्ट अधिक खोल जाते. मेरोपेनेमच्या कुळातली प्रतिजैविके एकेकाळी राखीव असत. आता एम्सच्या त्याच पाहणीत रक्तातल्या क्लेब्सिएलापैकी दहांतले सुमारे सात या कुळाला दाद देत नव्हते. मग कोलिस्टिन द्यावे लागते, जे मूत्रपिंडांना इजा करते म्हणून एकदा बाजूला ठेवलेले जुने औषध आहे. त्याने जंतू मेले तरी मूत्रपिंडे थकल्याची खूण असलेले रक्तातले क्रिएटिनिन वाढू शकते, आणि काही रुग्ण डायलिसिसवर जातात. त्याहून नवी औषधे आहेत, पण त्यांतल्या काहींचा रोजचा खर्च आयसीयूच्या खाटेच्या भाड्याला मागे टाकू शकतो. प्रत्येक नळीच्या संसर्गाबरोबर अशा भारी औषधांचा एक पूर्ण कोर्स वापरला जातो, आणि प्रत्येक कोर्समागे त्या वॉर्डातले उरलेले जंतू थोडे अधिक निबर होतात. रुग्ण घरी जातो तेव्हा त्यांतले काही त्याच्या आतड्यात महिनोन्महिने राहू शकतात. पुढे त्याला साधे लघवीचे इन्फेक्शन झाले, तर फॅमिली डॉक्टरांची नेहमीची गोळी चालत नाही आणि ज्याला पाच दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या त्याला रोज इंजेक्शनसाठी रिक्षा करून जावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली या विषयावर पहिला जागतिक अहवाल काढला. श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या शंभरांपैकी सात जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना रुग्णालयात एखादा तरी संसर्ग लागतो, आणि असे बाधित झालेल्यांपैकी सरासरी दहांतला एक त्याने दगावतो, असे त्यात म्हटले आहे. हे सगळ्या प्रकारच्या संसर्गांचे आकडे आहेत. रक्तातला त्यांत सगळ्यात घातक प्रकारांपैकी एक.

घरातल्या खर्चाचाही एक भाग बिलाबाहेर राहतो. सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम देणारी फ्लोटर पॉलिसी असेल आणि ती रक्कम फेब्रुवारीतच संपली, तर उरलेले वर्ष त्या घरातली आई, सून आणि नातू विम्याशिवाय असतात. दवाखान्यात बसण्यासाठी महापे-तुर्भ्याच्या कंपनीत कंत्राटावर असलेला मुलगा बिनपगारी रजा टाकतो, आणि कंत्राटदार दुसरा माणूस घेतो. तुम्ही शिक्षक होता. दहावीच्या वर्षात अचानक क्लास सोडणारी मुले तुम्ही पाहिली असतील. त्यांतल्या एखाद्याच्या घरी असे बिल आले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

प्रश्न : आईचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होते, मानेतल्या कॅथेटरमधून. दोनदा तिला डायलिसिस सुरू असताना थंडी वाजली, सेंटरवाल्यांनी गोळी दिली, ताप उतरला. डॉक्टर हातावर फिस्टुला करायला सांगतात, पण खर्चामुळे आम्ही पुढे ढकलत आहोत. (खारघर)

उत्तर : पुढे ढकलू नका. मानेतल्या कॅथेटरच्या तुलनेत हातातल्या फिस्टुलात, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत, संसर्गाचा धोका बराच कमी असतो, कारण तिथे बाहेर लोंबणारे प्लास्टिकच नसते. फिस्टुला केल्यावर तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे लागतात, म्हणजे आज ठरवले तरी तेवढे दिवस मानेतल्या नळीवरच काढायचे आहेत. फिस्टुलाचा खर्च एकदाच येतो. रक्तात एकदा संसर्ग झाला तर होणारा खर्च वर घणसोलीच्या पत्रात तुम्ही वाचलाच आहे. फुले योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये तुमचे सेंटर किंवा जवळचे रुग्णालय आहे का, ते आधी पाहा.

तोवर आंघोळीत कॅथेटरवर पाणी पडू देऊ नका, कमरेपासून खाली आंघोळ आणि वर ओल्या कपड्याने पुसणे, असे करा. जोडताना आणि काढताना टेक्निशियनने आणि आईनेही मास्क लावला पाहिजे, आणि हातमोजे आधीच्या रुग्णाचेच नाहीत ना, हे तुम्ही डोळ्यांनी पाहायला हरकत नाही. त्याला राग आला तरी चालेल. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात सलाईन लावताना किंवा रक्त काढताना तीच नळी वापरू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचे ते दोनदा आलेल्या थंडीचे. डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजणे म्हणजे नळीतले जंतू रक्तात ढकलले गेल्याची खूण असू शकते, आणि गोळीने उतरतो तो ताप, जंतू नव्हेत. पुन्हा तसे झाले तर प्रतिजैविक देण्याआधी नळीतून आणि शक्य असल्यास दुसऱ्या शिरेतून कल्चरसाठी रक्त घ्यायला सांगा, आणि घरी आल्यावर थंडी वाजली तर रात्र असली तरी तिला रुग्णालयात न्या. या दोन वेळांविषयी मात्र थांबू नका : पुढच्या डायलिसिसच्या आधी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, फोन करून त्या दोन्ही तारखा सांगा.